नावावरची पट्टी

गुरुवार, ५ फेब्रुवारी

माझं गाणं! समोरच्या प्रार्थनाघरात! शंभरेक माणसं एका सुरात माझं गाणं म्हणत होती आणि मी इकडे शाळेच्या संगीताच्या खोलीत वाकून पियानोच्या पेडलला तेल घालत होतो.

आधी वाटलं, भास. मग खिडकी उघडली. भास कसला — पहिली ओळ, दुसरी ओळ, शब्द न् शब्द माझा.

दार उघडंच आहे, ये.
पाय पुसायची घाई नको.
जसा असशील तसा ये,
कुठे होतास, सांगू नको.

चाल संथ केली आहे. तिसऱ्या ओळीला मी सूर खाली उतरवतो, ही मंडळी वर चढवतात. चूकच आहे. पण चुकूनही बरं वाटत होतं, हे फक्त इथे लिहून ठेवतो.

शिपाई कुलूप लावायला आला. म्हटलं, ऐक, ऐक — हे माझं. तो म्हणाला, "काय, खिडकी?"

असू दे. अंगावर मूठभर मांस चढलं. घरापर्यंत तरंगत आलो.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

बायकोला सांगितलं. ती इस्त्री करत होती. "कोणतं गाणं?" म्हणाली. कोणतं म्हणजे? "अरे हो, एकच तर आहे." लग्नाला इतकी वर्षं झाली, हा विनोद तिला अजून ताजा वाटतो.

एक तर एक. पण कसं आहे! शालेय गीतांच्या पुस्तकात छापलंय, खाली ठळक अक्षरात माझं नाव. पुस्तक बंद पडलं, पण गाण्याचे हक्क माझ्याकडेच आहेत, कागद कपाटात आहे. वर्तमानपत्रात एकाने तेव्हा लिहिलं होतं, 'इतके घरगुती शब्द आणि इतका मोठा अर्थ.' ते कात्रण पिवळं पडलंय, पाठ मात्र पक्कं आहे. तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो. पहिल्या दोन ओळी बसथांब्यावर सुचल्या. सुचल्या म्हणजे काय, आल्याच. कानाशी कुणी बोलावं तशा. पुढचं ताईच्या स्वयंपाकघरात बसून एका दमात लिहिलं. प्रतिभा म्हणतात ती हीच असावी.

संध्याकाळी ताईकडे गेलो. ती त्या प्रार्थनाघरात जाते, बरीच वर्षं. मला देवाधर्माचं काही नाही, तिला माझं काही म्हणणं नाही, असा आमचा जुना तह आहे. दारात बुटाची नाडी सोडत होतो तर आतून आवाज — "दार उघडंच आहे, ये. पाय पुसायची घाई नको." माझं गाणं हिच्या अंगी इतकं मुरलंय! दारात माणूस दिसलं की तीच ओळ. गॅसवाला आला तरी तीच. काय वाटतं म्हणून सांगू!

"ताई, तुमच्याकडे माझं गाणं म्हणतात?"

"हो, म्हणतो आम्ही." कप विसळता विसळता.

"कधीपासून?"

"झाली की बरीच वर्षं."

"आणि मला सांगितलं नाहीस!"

"तू कधी विचारलंस, आम्ही काय म्हणतो ते?"

त्यांची पुस्तिका मागून घेतली. आज झोपताना उशाशी ठेवणार आहे. वेडेपणा आहे. असू दे.

शनिवार, ७ फेब्रुवारी

नाव नाही.

पुस्तिका म्हणजे फोटोकॉपी काढून टाचलेली पानं. शेवटच्या पानावर माझं गाणं, शालेय पुस्तकातलंच पान जसंच्या तसं. खाली जिथे माझं नाव हवं, तिथे पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवलेली! किटलीची वाफ दिली, चिमट्याने सोलली. खाली मी होतो. ठळक अक्षरांत.

म्हणजे विसरले नाहीत. नाव आहे हे पाहिलं, आणि झाकलं.

आणि पट्टीचे चारही कोपरे जरा जरा छाटलेले आहेत. टोक उचकटू नये म्हणून. माझ्या शाळेच्या वह्यांना अशी कव्हरं आणि अशी लेबलं कोण घालायचं, ते मला चांगलं माहीत आहे.

मंगळवार, १० फेब्रुवारी

दोन दिवस धुमसत होतो. आज चष्म्याच्या दुकानात गेलो. ताई मागच्या खोलीत काचा घासते. मशीन बंद करायला लावलं.

"ही पट्टी तू लावलीस?"

"हो."

"माझ्या नावावर?"

"पट्ट्या नावांवरच लावतो आम्ही. ते काम माझ्याकडे आहे."

मग मला शाळेतल्या मुलासारखं समोर बसवून समजावलं. त्यांच्या प्रार्थनाघरात कुठल्याच माणसाचं नाव जात नाही. कागदावर असेल तर झाकायचं, लाकडावर असेल तर घासायचं. पंख्यावरचा कंपनीचा बिल्लासुद्धा काढलाय. माणसं एकमेकांना नावाने हाक मारत नाहीत, कामाने किंवा नात्याने मारतात. ती तिथे चष्मेवाली ताई. देवापुढे जाताना नाव दाराबाहेर ठेवायचं, बस्स.

"पण न विचारता झाकलं, म्हणजे चोरलंच की."

"चोरलं असतं तर तिथे माझं नाव लावलं नसतं का?" म्हणाली. आणि मशीन चालू केलं.

मला उत्तर सुचलं ते रस्ता ओलांडल्यावर. नेहमीचंच.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

त्यांच्या वडीलधाऱ्यांना भेटलो. म्हातारा घड्याळजी आहे, सगळे घड्याळजीच म्हणतात. दुकानात चाळीस घड्याळं एकाच वेळी बोलतात आणि हा माणूस मात्र प्रत्येक वाक्याआधी थांबतो. भांडायला गेलेल्या माणसाचे अशा ठिकाणी फार हाल होतात.

"तुमचं गाणं फार चांगलं आहे," म्हणाले.

"माझं आहे ना? मग तसं लिहा."

"ते नाही करता येणार."

विचारलं, तुमची बाकं सुताराने फुकट केली का? विजेचं बिल भरता ना? मग गाणंच का म्हणून उचललंत? म्हणाले, "तुमचं मानधन सांगा, कधी द्यायचं सांगा. न विचारता घेतलं, ते आमचं चुकलंच. त्या सुताराने बाकाच्या पाठीमागे नाव कोरलं होतं, आम्ही घासून काढलं. त्याला आधी सांगितलं होतं. तुम्हाला सांगायला हवं होतं. तुमची बहीण म्हणाली होती, भावाला लागेल. आम्ही म्हटलं, गाणं देवाचं."

"देवाने लिहिलं असतं तर तुम्हाला माझ्या पुस्तकाची फोटोकॉपी काढावी लागली नसती."

हे मी बोललो! जागच्या जागी! रस्ता ओलांडायच्या आधी!

घड्याळजी हसले. मोकळेपणाने हसले, त्याचाच राग आला. मग म्हणाले, "पैसे मागा, माफी मागायला लावा. नाव तेवढं मागू नका. तेवढं एकच आमच्याकडे नाही."

मला तेवढं एकच हवंय.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

बायको म्हणते, निदान पैसे तरी घ्यायचे होतेस, पडदे झाले असते.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

वकिलाकडे गेलो. शाळेत माझ्या बाकावर होता, अजून तसाच शब्द खाऊन खाऊन बोलतो. सगळं ऐकल्यावर खुर्चीतून उठून त्याने माझ्याशी हात मिळवला. "अरे, भाडेकरू आणि घटस्फोट करून करून जीव विटला होता. हे काहीतरी आहे!"

त्याने फोड करून सांगितली. गाण्याच्या प्रती काढायच्या तर परवानगी हवी, हा एक हक्क. गाण्याखाली नाव हवं, हा दुसरा. पहिला विकता येतो. दुसरा रचणाऱ्याच्या अंगालाच चिकटलेला असतो. "ते काय म्हणणार मला आत्ताच माहीत आहे. धर्मस्वातंत्र्य! म्हणू देत. स्वातंत्र्य आहे म्हणून लाल दिव्याला गाडी पुढे काढता येते का?"

नोटीस गेली. नोटिशीत माझं नाव सात-आठ वेळा आहे. तीन वेळा वाचली.

गुरुवार, २६ फेब्रुवारी

नोटीस पोचली तरी म्हणतात. नाकावर टिच्चून!

खिडकी बंद करणार होतो. केली नाही. तिसऱ्या ओळीला हातातल्या पेन्सिलीने खाली, खाली अशा खुणा करत उभा होतो. ते वरच गेले.

बुधवार, ४ मार्च

त्यांचं उत्तर आलं. वकिलाने फोनवर वाचून दाखवलं. नावाविना प्रार्थना हा आमच्या श्रद्धेचा गाभा आहे, तो मोडायला लावणं म्हणजे आम्हाला प्रार्थनेपासूनच रोखणं आहे, श्रद्धेच्या स्वातंत्र्याला कायद्याचं संरक्षण आहे, वगैरे. शेवटी एक वाक्य वकिलाच्या भाषेत बसत नव्हतं, ते घड्याळजींचंच असणार: 'गाणाऱ्यांना त्या गाण्याने धीर येतो, त्याबद्दल आम्ही गाणं रचणाऱ्याचे ऋणी आहोत आणि त्याच्यासाठी रोज प्रार्थना करतो.'

कुणासाठी? रचणाऱ्यासाठी! नाव न घेता! त्या देवाला कळणार तरी कसं, कोण ते?

बायकोशी वाद झाला. मी म्हटलं, उद्या यांची श्रद्धा सांगेल की खुर्च्या कुणाच्याच नसतात, मग हे आमच्या शाळेतल्या खुर्च्या उचलून नेणार का? ती म्हणाली, खुर्ची नेली तर तू उभा राहशील. गाणं नेलं तर तुझ्याकडे आहेच. मी म्हटलं, नाव नेलं. ती म्हणाली, नावही आहे, दारावर पाटी आहे, मीच पुसते. "नाव झाकल्याने गाण्याचं काय बिघडलं, ते सांग."

गाण्याचं नाही. माझं बिघडलं.

ती म्हणाली, "हे कोर्टात बोल. हे खरं आहे."

खरं तर मला त्यांच्या श्रद्धेचा राग नाही. उलट, माणसाने नाव बाहेर ठेवून कुठेतरी जावं ही कल्पना मला... जाऊ दे. पण ज्याचं त्याने ठेवावं. माझं नाव दुसऱ्याने उचलून बाहेर ठेवायचं नाही. श्रद्धा त्यांची, नाव माझं. इतकं सरळ आहे.

सोमवार, ९ मार्च

ताई आली. नवा चष्मा घेऊन! माझा नंबर वाढलाय हे तिने दुकानात माझ्या तिरक्या नजरेवरून ओळखलं म्हणे, डॉक्टरांकडून कागद बायकोमार्फत मागवून घेतला. म्हटलं, ताई, मी तुमच्यावर खटला भरलाय. म्हणाली, "खटला आपल्या जागी, नंबर आपल्या जागी. नाक पुढे कर."

चष्मा बसवला, कानामागे बोट फिरवून पाहिलं, दांडी जरा वाकवली. लहानपणी टोपी बसवायची तसं. आई गेली तेव्हा ही चौदा-पंधरा वर्षांची होती, मी चार. सगळं हिनेच केलं. तेव्हाही चिडायची नाही. तिने चिडावं असं वाटत होतं, आजसुद्धा.

फार स्वच्छ दिसतंय.

मंगळवार, २४ मार्च

सुनावणी.

कोर्टाच्या खोलीपेक्षा आमची खडूच्या धुळीची शिक्षकखोली बरी. न्यायाधीश बाई, आवाज बारीक, चष्मा नाकाच्या टोकावर. ताई तो चष्मा पाहून अस्वस्थ झाली असणार.

त्यांचा वकील बरं बोलला. त्याचा पहिला मुद्दा श्रद्धेचा. बाईंनी त्याला विचारलं, "तुमची माणसं स्वतःचं गाणं का रचत नाहीत?" तो म्हणाला, रचलं होतं. कुणाला पाठ होईना. मागे बसलेली प्रार्थनाघराची दहा-बारा माणसं हसली, मीही हसलो. वकिलाने मला कोपराने ढोसलं.

दुसरा मुद्दा मात्र लबाडीचा. म्हणे, गाणं याचंच कशावरून? असले शब्द घरोघरी कुणीही बोलतं. मी उठून उभाच राहिलो! माझी प्रतिभा, आणि कुणीही बोलतं! बाईंनी बसवलं. आमच्या वकिलाने शांतपणे साक्षीदार बोलावला — ताईला. त्यांच्याच सभेतली, पट्ट्या लावणारी, आणि ही माणसं खोटं बोलत नाहीत हे सगळ्या गावाला ठाऊक. घड्याळजींनी मान हलवून तिला जा म्हणून खूण केली.

बाईंनी विचारलं, "हे गाणं तुमच्या भावाने रचलं?"

ताई थांबली. बराच वेळ थांबली. पाणी मागितलं, प्यायली. कोर्टाला बिचकली असणार, कधी पाहिलंय तिने? मग माझ्याकडे बघून म्हणाली, "माझ्यासमोर लिहिलं याने. स्वयंपाकघरात बसून. पान संपेपर्यंत उठला नाही. गाणं याचंच आहे."

"दुसऱ्या कुणाचा त्यावर काही दावा?"

"नाही. कुणाचाच नाही."

आपल्याच माणसांविरुद्ध, आपल्याच देवाच्या घराविरुद्ध, माझ्या बाजूने! बाहेर आल्यावर तिचा हात धरला. म्हणाली, "हात गार आहेत तुझे. काही खाल्लंस का?"

मंगळवार, ७ एप्रिल

जिंकलो!

निकालातलं एक वाक्य पाठ करून ठेवलंय. बाई म्हणाल्या, 'प्रार्थना करण्यापासून कुणी कुणाला अडवलेलं नाही. पण प्रती काढणं म्हणजे प्रार्थना नव्हे.' गळ्यातून म्हणताना नाव उच्चारायची गरज नाही, तिथे श्रद्धा मोठी. कागदावर छापायचं असेल तर नाव हवं, तिथे कायदा मोठा. पुस्तिका ठेवायच्या तर पट्ट्या काढा. भरपाई मीच मागितली नव्हती.

वकील नाचायचा बाकी होता. घड्याळजींनी येऊन हात जोडले. "पट्ट्या काढू," म्हणाले. एवढंच. रडारड नाही, वाद नाही. जिंकल्याची थोडी तरी मजा येऊ द्यायची माणसाने!

बायकोने पडदे बघून ठेवले होते, भरपाई नाही म्हटल्यावर ते दुकानातच राहिले. पण मग तिने निकालाचा कागद मागून घेतला आणि माझं नाव मोठ्याने वाचलं. मी दोनदा वाचायला लावलं.

गुरुवार, ९ एप्रिल

मुद्दाम शाळेत थांबलो. खिडकी सताड उघडी. नाव उघडं झाल्यावरचं पहिलं गाणं!

आधी प्रार्थनाघराच्या पडवीत जाऊन आलो. ताई तिथेच होती. ओल्या स्पंजने एकेक पट्टी भिजवून काढत होती, शेवटच्या काही उरल्या होत्या. कागद जरासुद्धा फाटलेला नाही. प्रत्येकीखाली माझं नाव. पट्टी निघालेल्या पुस्तिका ती पडवीतल्या फळीवर रचत होती, छत्र्यांच्या शेजारी.

"आत का नाही नेत?"

"नाव आहे ना आता त्यांच्यावर."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. निकालात 'पट्ट्या काढा' आहे. 'आत न्या' नाही.

मग गाण्याची वेळ झाली. पहिली ओळ जेमतेम उठली. जुन्या माणसांना पाठ आहे, पण म्हातारे दम टाकतात; नवीन आलेल्यांना शब्द येत नाहीत. दुसऱ्या कडव्याला आवाज एकेक करून गळत गेले, आणि एकच उरला. तो कुणाचा हे सांगायला नको. ताईने गाणं एकटीने शेवटपर्यंत नेलं. तिसरी ओळ खाली उतरवली, मी बसवली होती तशी.

माझं गाणं, माझ्या बहिणीचा गळा. अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू? आणि बरोबरीने दुसरंही काहीतरी वाटलं. त्याला नाव सापडलं नाही.

सोमवार, १३ एप्रिल

शिक्षकखोलीत माझा सत्कार. मुख्याध्यापकांनी निकालातलं ते वाक्य फळ्यावर लिहिलं. भूगोलाच्या बाई म्हणाल्या, "सर, आता सही घेऊन ठेवायला हवी." दिली.

शनिवार, १८ एप्रिल

मावशी आली. आईची धाकटी बहीण, आता एवढीशी झालीये. मोतीबिंदूच्या तपासणीसाठी पंधरा दिवस राहणार. कानाला कमी, जिभेला मुळीच कमी नाही. गाडीतून उतरल्या उतरल्या बायकोला म्हणाली, "हा जाड झालाय, की तू याला मोठे शर्ट घेतेस?"

उद्या तिला गाणं म्हणून दाखवणार. घरातलं तेवढंच एक माणूस उरलंय ज्याने ते ऐकलेलं नाही. कात्रणही काढून ठेवलंय.

रविवार, १९ एप्रिल

सकाळी मावशीला खुर्चीत बसवलं, तिच्या चांगल्या कानाकडे उभा राहिलो. बायको दारात, हाताची घडी घालून. आधी खटल्याची हकिगत, मग निकाल, मग गाणं. दोन ओळी झाल्या आणि मावशी हसायला लागली. मी थांबलो. म्हटलं, काय झालं?

"अरे, हे तर आपल्या ताईचं," म्हणाली.

म्हटलं, नाही मावशी, ताई ते म्हणते, लिहिलं मी. मोठ्याने, तिला ऐकू जाईल असं.

"तू कसं लिहिशील? तू एवढासा होतास." हात खुर्चीच्या बैठकीइतका खाली नेला. "तुझ्या आईला पाय पुसल्याशिवाय आत आलेलं खपायचं नाही. मारायची नाही, पण उंबऱ्यातच उभं करायची. ती गेल्यावर मी येऊन राहिले होते तुमच्याकडे. तू खेळून यायचास, पाय चिखलाने भरलेले, आणि दारातच उभा राहायचास. आतच येईनास. आई बोलेल म्हणायचास. तिन्हीसांजेला घर काळोखं झालं तरी बाहेरच उभा. आम्ही सगळ्यांनी समजावलं, उचलून आणलं तर परत जाऊन उभा. शेवटी ही पोर हातातलं काम टाकून जायची आणि खाली बसून सांगायची — दार उघडंच आहे, ये. पाय पुसायची घाई नको. रोज. रोज तेच, त्याच सुरात. मग यायचास. तुला आठवत नाही?"

नाही. काहीच आठवत नाही. चिखल नाही, उंबरा नाही. फक्त आवाज आठवला.

बसथांब्यावर कानाशी बोलला होता तो.

बायकोने कात्रण माझ्या हातातून काढून घेतलं आणि टेबलावर ठेवलं, पालथं. तिने विनोद केला नाही म्हणजे माझी काय अवस्था दिसत असेल!

ताईला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी तिच्या स्वयंपाकघरात कागदावर लिहून तिलाच वाचून दाखवलं, 'बघ काय सुचलंय!' आणि ती म्हणाली होती, छान आहे रे. पुस्तकात छापून आलं, तिने सगळ्या शेजाऱ्यांना दाखवलं. कोर्टात विचारलं, कुणाचा दावा? नाही म्हणाली, कुणाचाच नाही. दावा नव्हताच तिचा. खोटं बोलली नाही.

आणि ती ओळ दारात म्हणायची तेव्हा मी सगळीकडे सांगत फिरलो की ताई माझं गाणं म्हणते.

सोमवार, २० एप्रिल

शाळेत गेलो नाही. वकिलाचा फोन आला, घेतला नाही.

बुधवार, २२ एप्रिल

दुकानात गेलो. मशीन तिने आपणहून बंद केलं, तोंड बघून.

म्हटलं, मावशीने सांगितलं. म्हणाली, "मावशीला काही पोटात ठेवता येत नाही." म्हटलं, कोर्टात का नाही बोललीस? एका वाक्यात तुम्ही जिंकला असतात. म्हणाली, "त्या दोन ओळी मी तुला आत घ्यायला म्हटल्या होत्या. गाणं करायला नाही. गाणं तू केलंस."

म्हटलं, मी वकिलाशी बोलतो, आपण दोघांची नावं घालू. तुझं आधी.

"कुठे? प्रार्थनाघरात?" आणि इतकी हसली की पुढच्या खोलीतलं गिऱ्हाईक डोकावलं.

माझी ताई. आयुष्यभर मला माझ्या एका गाण्याचा अभिमान होता. चुकीच्या गोष्टीचा धरून बसलो होतो.

गुरुवार, २३ एप्रिल

सभा भरायच्या आधी गेलो. पडवीत फळीवर पुस्तिका तशाच, छत्र्यांशेजारी. ताईने वर पाहिलं, म्हणाली, "दार उघडंच आहे, ये."

तिच्याकडून कात्री, कोरे कागद आणि डिंकाची वाटी मागून घेतली. पट्ट्या मी कापल्या. कोपरे तिने छाटले.